आईसाठी फायब्रिनचा डिंक

दादा,

आईच्या आतड्याला पडलेलं भोक शिवलं, पण टाके दोनदा उसवले. आता सर्जन म्हणतात, आमच्या प्रयोगशाळेतला फायब्रिनचा डिंक लावून बघू. रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांचा हा डिंक उंदरांच्या आतड्यावर टिकलाय. आमचा हा नवा प्रकार माणसाला अजून लावलेला नाही.

आई गुंगीतही नर्सला सांगते, "माझ्या पोरीचा डिंक आहे, मग कसली काळजी!"

संशोधकाने घरच्यांसाठी संमतीची सही करायची नसते, म्हणून ती तुला करायची आहे. तू फोनवर एवढंच विचारशील, "बारके, तू काय म्हणतेस?" मी हो म्हणेन. पण ते आईची लेक म्हणेल, की पहिल्या माणसावर टपून बसलेली संशोधक, हे माझं मलाच कळत नाहीये.

हे पत्र फाडते. तुला सर्जनांचा नंबर पाठवते. सोबत एवढंच लिहिते: त्यांनाच विचार, मला काही विचारू नकोस.

तुझी,
बारकी