आफताबला विचार

६ जानेवारी २०२५, सोमवार

गाडीखाली परत डाग. चांगला ताटाएवढा. गिअरबॉक्सचंच तेल. इंजिनचं काळं असतं, हे पिवळसर आणि वासाला उग्र. बोट लावून हुंगलं, खात्री केली. अप्पांना सांगितलं, पुढचं सील गेलंय. पंचवीस वर्षांचा ट्रक, जाणारच.

अप्पा म्हणाले, "आफताबला विचार."

एवढंच! अप्पांनी स्टिअरिंग सोडल्यापासून सोळा वर्षं मीच ही गाडी चालवतोय. शेळगावातून डाळिंबाचे क्रेट भरून इंदापूर मार्केटला पोचवतोय. आणि माझ्याच बापाला माझ्यापेक्षा त्या मिस्त्रीचा भरवसा जास्त.

७ जानेवारी

आला. गॅरेज निमगाव केतकीला असलं तरी घर आमच्याच गावात, त्यामुळे निरोप द्यायचा अवकाश. आमच्या घरच्या रीतीनं "जय भीम, अप्पा," म्हणत आत शिरला आणि अप्पांचा चेहरा असा खुलला की बघवेना. माझ्या बायकोला, करुणाला, लगेच हुकूम — आलं घालून चहा टाक. मला रोज बिनआल्याचा चालतो.

माझ्या बापाला तोही अप्पाच म्हणतो. पाना धरायला त्याला अप्पांनीच शिकवलं, हे खरं. मलाही शिकवत होते. मी दोनदा चुकलो की पाना काढून घ्यायचे. त्याच्या हातातून कधी काढल्याचं मला आठवत नाही.

काही उघडलंच नाही त्यानं. गिअरबॉक्स खालून स्वच्छ पुसला, अंगाला लावायची पावडर मारली. म्हणाला, "तेल नक्की कुठनं येतंय ते आदी दिसू द्या, रविभाऊ. घाईनं सील बदलू नगा. गाडी सपाट जागंवर लावा, मंग लेव्हल बघू."

अप्पा मान डोलवत होते. मी हेच बोललो असतो तर शहाणपणा शिकवू नको म्हणाले असते.

९ जानेवारी

सपाट जागेवर लावली नाही. सरळ बारामतीला नेली. गिअरबॉक्स उतरवला, नवीन सील टाकलं. तिथला मिस्त्री म्हणाला, "तेल लईच होतं की हिच्यात." म्हटलं असू दे, कमी तर नाही ना.

घरी आल्यावर अप्पांना मुद्दाम ऐकवलं — सीलच होतं, मी म्हणत होतो तेच. "बरं," म्हणाले. मग विचारलं, "आफताब आलता का?"

१२ जानेवारी

डाग. पहिल्यापेक्षा मोठा.

१३ जानेवारी

करुणा म्हणाली, तुम्ही आफताबभाऊंवर जळता. मी म्हटलं, जळण्यासारखं काय आहे त्याच्यात?

इथं खरं लिहितो. जळतो. तो आला की अप्पा तासभर बोलतात. जुन्या खेपा, कुठल्या घाटात काय मोडलं, सगळं. माझ्याशी बोलणं म्हणजे डिझेल हाय का.

१५ जानेवारी

सहाला जाग आली. बाहेर गाडीखाली दोन पाय! चपलांवरून ओळखले — आफताबचे. शेजारी डबा. अंगाची आग झाली. म्हणजे हाच येऊन बूच ढिलं करून जातोय आणि मी सीलं बदलत बसलोय. पाय धरून बाहेर ओढला.

तो शांतपणे उठला. "तेल काढतोय. ह्या बाजूच्या बुचापोतर तेल पायजे, त्याच्या वर न्हाय. रोज लिटर-दीड लिटर जास्तीचं निघतंय. जादा झाल्यावर ते वाट मिळंल तिथनं भाईर येणारच. सील बिचारं काय करंल?"

काढलेलं तेल तो पडवीतल्या आमच्या गिअर ऑइलच्या पिंपात परत ओतून जातो म्हणे. तरीच पिंपातलं तेल कमी झालेलं मला कधी दिसलं नाही.

"पण जास्तीचं ओततंय कोण?"

"उद्या सकाळी हितंच बसा," म्हणाला आणि डबा घेऊन गेला.

१६ जानेवारी

बसलो. सातला अप्पा आले. केबिनमध्ये चढून गिअरच्या दांड्याजवळचं झाकण उघडलं, किटलीनं तेल घातलं, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसून घेतलं. उतरले. अंघोळ केली, चहा घेतला. मग करुणाला म्हणाले, "गाडीचं तेल बघायचं ऱ्हायलंच की आज." परत किटली. आठला तिसऱ्यांदा.

करुणा म्हणाली, दिवाळीपासून असंच होतंय त्यांचं. जेवल्यावर परत जेवायला मागतात. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे.

मला माहीत नव्हतं. आफताबला माहीत होतं. लाज वाटली. आणि त्या लाजेतही जळलोच — बापाचं दुखणंसुद्धा आधी त्याला कळावं!

१८ जानेवारी

निमगावला त्याच्या गॅरेजवर गेलो. म्हटलं, उद्यापासून तेल मी काढतो. त्यानं डबा पुसून हातात दिला. अप्पांना डॉक्टरला दाखवू म्हणाला, मी पण येतो. बारामतीच्या त्या नव्या सीलाबद्दल एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं.

२१ जानेवारी

सकाळी गाडीखाली होतो. पाय तेवढे बाहेर. अप्पा येऊन शेजारी थांबले.

"आफताब, आज घातलं का रं मी तेल? मला आठवंना झालंय."

मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "रवीला सांगू नको. दुसऱ्या कुणाला बी कळू दे. त्येच्या नजरंतनं उतरलो तर मंग माझं काय ऱ्हायलं?"

मी पडल्या पडल्या म्हणालो, "न्हाय सांगत, अप्पा."