वेळ काढायच्या चाली

१९ जानेवारी १९८६, रविवार

पुन्हा तेच! ‘श्रावणभाऊ, हे संपतं कुठे?’

शरयूताई पियानोवरून हात उचलतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात. मी अकॉर्डिअनचा भाता अर्धा उघडा धरून बसलेला. काय सांगू? वाजवत राहायचं, एवढंच ठाऊक.

वीस वर्षं बाबाराव मास्तरांच्या बँडमध्ये काढली. वरातीत चाल संपत नाही. मास्तरांची शिट्टी झाली की हातातली टाकायची नि पुढची धरायची. ताई नि मी मिळून कॅसेट काढतोय, तिच्यासाठी घेतलेल्या माझ्या चाली तर त्याहून वाईट. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला, मुलीकडच्या बायका आरतीचं ताट शोधतायत, मास्तर म्हणणार, ‘श्रावण, वेळ काढ.’ मग मी मनाचं काहीतरी वाजवायचो. ताट आलं की शिट्टी! असल्या मध्येच तोडलेल्या चालींना शेवट आणू कुठून?

ताई मनाने चांगल्या. मिशनच्या शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या, हॉलमधल्या पियानोची किल्ली अजून त्यांच्याकडेच. पण कागदावर लिहिल्याशिवाय त्यांचं एक बोट हलत नाही. मला लिहिता येत नाही. मी वाजवतो, त्या लिहितात, शेवटच्या ओळीवर येऊन पेन्सिल थांबते. डोकं फिरलं आज.

२६ जानेवारी, रविवार

सकाळी बँड झेंडावंदनाला. दुपारी ताई. शेवट नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

मास्तरांना कळलं. ढोलवाल्या रूपरावाने सांगितलं असणार, त्याच्या पोटात काही राहत नाही.

बँडच्या खोलीत मास्तर फडक्याने क्लॅरिनेट पुसत बसले होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘कॅसेट काढून राह्यला म्हणते तू?’

‘हो मास्तर.’

‘काऊन?’

काऊन! का म्हणून ते सांगायच्या आत मास्तर पुढे बोललेच.

‘मागच्या सालची सिंदीची लग्नं गेली आपल्या हातातून. लाऊडस्पीकर लावला, कॅसेट टाकली, झालं. त्या फितीनं आपल्या पोटावर पाय देल्ला, न तू तिच्यातच जाऊन बसून राह्यला?’

‘माही कॅसेट नाचाची नाई मास्तर. आयकाची हाये. नुसतं अकॉर्डिअन न पियानो.’

‘नुसतं कोण आयकते?’

सायकलवर घरी येताना मनातल्या मनात उत्तर दिलं. मास्तर, वरात जाते तेव्हा लोक घोडा बघतात, नवरदेव बघतात, नाचणाऱ्यांना बघतात. इतकी वर्षं वाजवतोय, पण कोणी खाली बसून मला ऐकलं असं एकदाही झालं नाही. एकदा व्हावं एवढंच. यात पोटावर पाय कुठे आला?

पण त्यांचंही खोटं नाही. म्हणून जास्त राग येतो.

५ फेब्रुवारी

पौष संपत आला. लग्नं सुरू झाली की ताईंकडे जायला सवड मिळणार नाही. नागपूरचे कॅसेटवाले होळीच्या आधी मशीन घेऊन येतो म्हणतात. चाली सगळ्या शेपूट नसलेल्या.

९ फेब्रुवारी, रविवार

संपली! पहिली चाल संपली!

ताईच वैतागल्या शेवटी. कागद पियानोवर उलटा ठेवला. म्हणाल्या, ‘लिहिणं जाऊ द्या. तुम्ही वाजवता वाजवता कुठेतरी निघालेले असता ना? घरी पोचलात की थांबा. कोणी बोलावलं तरी बाहेर यायचं नाही.’

पुन्हा वाजवलं, घर म्हणून खालच्या सा वर आलो. भाता हळूहळू मिटत नेला, पार मिटेपर्यंत. ताईंचा एक सूर मागे राहिला होता, मग तोही विरला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून पट्टे सोडायला लागलो.

सायकल दामटत घरी आलो. कोकिळा तूरडाळ निवडत होती. म्हटलं, आज चाल संपली. तर म्हणते, ‘संपली म्हंजे? बिघडली का जी?’

१६ फेब्रुवारी, रविवार

आणखी तीन झाल्या. आता बोटांना चटक लागली आहे. रात्रंदिवस शेवट सुचतात, सुरुवात विसरायला होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सिंदीची वरात. घात केला मी.

स्टेशनकडच्या वळणावर वरात रंगात आलेली. पोरं धुळीत लोळून नाचतायत. मास्तरांची शिट्टी नाही, खूण नाही, काही नाही. आणि मी मुखड्यावर आलो, खालच्या सा वर उतरलो आणि भाता मिटला. ठरवून नाही! हाताने आपलं आपणच केलं.

अकॉर्डिअन गेल्याबरोबर बाकीच्यांना वाटलं मास्तरांनी खूण केली. एकेक वाद्य बंद पडलं. रूपरावाचा ढोल सगळ्यांत शेवटी. नाचणारे हात वर करून तसेच उभे.

वरातीतला बँड वाटेत थांबतो तो एकाच कारणाने – मयतीचं घर लागलं की. लहान पोरालाही हे ठाऊक. मागून कोणीतरी विचारलंच, ‘काय झालं जी? कोणाच्या घरी गेलं?’ नवरदेवाची आई, लीलाबाई, पदर तोंडाला लावून खालीच बसली. मुलाच्या वरातीत ही असली शांतता! मास्तरांनी शिट्टी मारून पुन्हा सुरू केलं, पण रंग परत आला नाही. मुलाचे काका मांडवापर्यंत मास्तरांना बोलत होते. मास्तर हात जोडून चालत होते. ते बघवलं नाही.

परतताना एसटीत मास्तर शेजारी बसले. सेलू गाव मागे पडेपर्यंत तिकिटाची गुंडाळी करत राहिले. मग म्हणाले, ‘उद्यापासून नको येऊ. तुले संपवाले शिकोलं त्या बाईनं. आपलं काम संपवाचं नाई श्रावण, लोकायले मांडवापर्यंत न्याचं हाये.’

आवाज चढवला असता तर भांडलो तरी असतो.

२१ फेब्रुवारी

कोकिळा बोलत नाही. भांडी मात्र बोलतात.

१६ मार्च, रविवार

झालं रेकॉर्डिंग. हॉलचे पंखे बंद, खिडक्या बंद, शर्ट अंगाला चिकटलेला. तिसऱ्या चालीत कुत्रं भुंकलं, पुन्हा पहिल्यापासून. नागपूरवाले म्हणतात, ‘पीछे थोडा ढोलक डालते हैं, नुसतं हे चालणार नाही.’ ताईंनी पियानोचं झाकण लावलं आणि किल्ली हातात घेऊन उभ्या राहिल्या. ढोलकाचा विषय तिथेच मिटला.

सगळ्या चाली संपल्या, जिथे संपायला हव्या तिथे. आनंद व्हायला हवा होता. बँडमधल्या एकाला तरी ऐकवाव्यात असं फार वाटतंय आणि त्या खोलीची पायरी चढवत नाही.

२७ एप्रिल

कॅसेट आली. वर माझं नाव, खाली ताईंचं. दुकानदाराने ठेवून घेतल्या खऱ्या, पण विचारलं, ‘गाणारं कोणीच नाई का याच्यात?’

१८ मे, रविवार

पवनारला रूपरावाच्या पोरीचं लग्न. ढोलवाल्याच्या घरचं लग्न आणि बँड नाही! मांडवाच्या खांबाला लाऊडस्पीकर, त्यावर माझी कॅसेट. रूपराव माझा हात धरून म्हणाला, ‘जावयाकडचे म्हणे बँड कायले पाह्यजे आता. मंग म्या म्हटलं, लावाची तं आपल्या श्रावणचीच लावू.’

पंगतीत शेजारी मास्तर येऊन बसले. ऐन मे महिन्यातला मुहूर्त आणि मास्तर रिकामे. माझ्याकडे बघितलं नाही. दुसरी चाल लागली तसा त्यांनी हातातला घास पानात ठेवला आणि मशीनपाशी बसलेल्याला सांगितलं, ‘आवाज वाढव बा थोडा. मागच्या लोकायले आयकू येऊन नाई राह्यलं.’