तेल गरम करू का?

आबा, आज सकाळी साडेदहाला तो माणूस माझ्या दुकानात आला. खंडाळ्याच्या बंगल्यातला, निळ्या ओठांचा. जिवंत, टक्कल पडलेला, हातात बिघडलेला ट्रान्झिस्टर! मी मागचं झाकण उघडलं, सेलच्या पट्टीवरचा गंज खरवडला, गाणं लागलं, आणि तो माझ्याकडे बघतच राहिला. "तुम्हीच ना?" म्हणाला. इतक्या वर्षांत हातातून स्क्रू पहिल्यांदा पडला. रेडिओचं काम मी कुणाकडे शिकलो नाही, हे सगळ्या लोणावळ्याला ऐकवत असतो. पण त्या जुन्या धंद्यात मला शिकवणारे तुम्ही होता, हे कुणाला सांगणार?

मी तेव्हा सव्वीसचा. मुंबईहून येणाऱ्या काही साहेबांना पुरुषाचीच सोबत हवी असायची, आणि मी पैसे घेऊन ती करायचो. तुम्ही जवळच्या औंढे गावचे, मालिशवाले. तरुणपणी तुम्हीही तेच केलेलं. म्हणून तुमचे नियम पक्के. पाणी आपल्याच तांब्यातलं. त्यांनी दिलेली गोळी जिभेवर ठेवायची नाही, चिलीम ओठाला लावायची नाही. आणि तुम्ही पडवीत शेगडीपाशी बसून मधून मधून हाक मारायची, "तेल गरम करू का?" मी "कोमटच बरं" म्हटलं की सगळं ठीक. "कडक करा" म्हटलं, किंवा उत्तरच आलं नाही, की तुम्ही आत. "लाज वाटली तर वाटू दे," तुम्ही म्हणायचा, "पर हाक मार. मेल्यावर कुनाला लाजनार हायेस?"

त्या दिवशी खंडाळ्याच्या बंगल्यात दुपारचे तीन. दारूबंदी असूनही साहेबाच्या बॅगेत बाटली आहे, चिलीम ओढून झाली आहे आणि वर झोपेच्या गोळ्या. आल्या आल्या मी त्या मोजलेल्या: नऊ. आता दोन. औषधाच्या बाटलीवरचं इंग्रजी मी अक्षर अक्षर लावून वाचतोय. स्टेशनातल्या पाट्यांवरून शिकलेलं इंग्रजी, त्याचा केवढा तोरा! साहेब घोरतोय, मग घोरणं थांबतं, मग एकदम मोठा श्वास. तुमची हाक येते. मी उत्तर देतो. दुसऱ्या हाकेला मात्र माझा आवाजच फुटत नाही, आणि तुम्ही तेलाच्या हातांनीच आत येता. मी त्याच्या तोंडाला लिंबाचं पाणी लावतोय. तुम्ही पेला उडवलात. "आरं गाढवा, शुद्ध न्हाई त्याला, बुडवतोस का? बाटली काय वाचतोस, मानूस बघ की!" त्याला कुशीवर वळवलंत, हनुवटी वर धरलीत. मी म्हणालो, पोलीस आले तर तिघंही आत. "आत गेलो तर भायेर येऊ. ह्यो गेला तर येनार हाय व्हय? पळ. डाक्टरला समदं खरं सांग. गोळ्या बी, दारू बी, गांजा बी."

बाटली मुठीत धरून मी पळालो, अनवाणी, थेट दवाखान्यात. "किती घेतल्या?" "सात." डॉक्टरांनी लगेच गाडी काढली. आणि तो वाचला, आबा! चौथ्या दिवशी इस्पितळात उठून बसला. "आकडा बरूबर सांगितलास," एवढंच तुम्ही बोललात आणि तुमचा तांब्या माझ्या हातात दिलात. तो तांब्या दुकानातच आहे. आज त्यातलंच पाणी साहेबाला पाजलं. ते पिताना त्याचे डोळे भरले, माझेही. गिऱ्हाइकं बघत होती, बघू देत म्हटलं.

जाताना त्याने विचारलं, "माझं काही खरं नाही हे कळल्यावर तुम्ही लगेच आबांना बोलावलंत ना?" मी म्हणालो, लगेच. तुम्हालाही तेच सांगितलं होतं, की पहिल्या हाकेच्या वेळी तो बरा होता. तुम्ही तर गेलात, हा कागद आता तुमच्या तांब्याखाली ठेवतोय, म्हणून लिहितो. तो बरा नव्हता. ओठांवर निळसर झाक आली होती, ती बघूनच मी "कोमटच बरं" म्हणालो, कारण इंग्रजी वाचणाऱ्याला तुमची मदत कशाला लागावी. समोर भिंतीवर घड्याळ होतं. दुसऱ्या हाकेपर्यंत बारा मिनिटं गेली, आबा.