सण कुठला?

नासरेथ, २० नोव्हेंबर १९५८

चि. मित्रीस,
अनेक आशीर्वाद.

आधी बातमी, मग चौकशा. मला परवाना मिळाला! दहा वर्षं झाली यरुशलेमच्या मधून सरहद्दीची तार ओढून, आणि आत्ता कुठे त्या एका फाटकातून पलीकडे यायची माझी पाळी आली. परवाना सणापुरताच देतात, म्हणून सणाला येतेय. एक दिवस, एक रात्र, तीही एकटीनेच. बुत्रुसला आणि मुलांना परवाना नाकारला. आईला सांग, पण हळू सांग, नाहीतर आत्तापासून सणाची खजूर भरलेली मामूल बिस्किटं करायला बसेल.

तिचा खोकला कसा आहे? अजून मला ‘लातिनांची सून’ म्हणते का? बुत्रुसशी रोमवाल्यांच्या चर्चमध्ये लग्न केलं ते तिला अजून पचलेलं नाही. तिने यथेच्छ बोलून घ्यावं. मला फक्त तिच्या मांडीवर डोकं ठेवायचंय. इथे घरात सगळं आहे, तरी कोंडल्यासारखं होतं रे.

दोन बाजूंमध्ये टपाल नाही, म्हणून हेही पत्र चुलतभाऊ जिर्यिसकडे, समुद्रापलीकडे लार्नाकाला; तिथून तो पुढे धाडेल. पाकीट बदलताना तो वाचतो, मला ठाऊक आहे. जिर्यिस, दुसऱ्यांची पत्रं पुरे, लग्न कर!

लोभ आहेच, उरलेला समोरासमोर.
तुझी,
वर्दाताई

यरुशलेम, ३ जानेवारी १९५९

ती. वर्दाताईस,
स. न. वि. वि.

राग कुणावर काढू? सण कुठला, हे तू लिहिलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आपल्या घरात सण म्हणजे जुन्या कॅलेंडरचा नाताळ, जानेवारीची सात तारीख, हे तू विसरलीस. सासरच्या सवयीने पंचवीस डिसेंबर धरलास. आणि मी शहाणा, आईला थंडी टाळायला खाली उबदार यरीहोला घेऊन बसलेला, पाच तारखेला वर आणू म्हणून!

तू कुलपासमोर रडलीस, हे शेजारच्या उम्म नखलाने सांगितलं. बिचारीने टॅक्सीवाल्याबरोबर निरोप धाडला. आम्ही तसेच निघालो, तर चढावर गाडी तापली. पोचलो तेव्हा फाटक बंद झालं होतं. आईने शिपायाला तुझं वर्णन सांगितलं, उंच आहे, चालताना डावा खांदा झुकतो. तो म्हणाला, आजी, आज इथून खूप मुली गेल्या.

आता आई हटून बसली आहे. डॉक्टर म्हणतो या ओलीत छाती टिकायची नाही, यरीहोला न्या. ती म्हणते, लातिनांचा असो, आपला असो, अर्मेन्यांचा असो, पोर कुठल्याही सणाला येवो, मी घरातच सापडेन. तुझ्यावर तिचा राग नाही. सगळा दोष तिने रोमवाल्यांवर टाकलाय.

पुढच्या वेळी तारीख अंकात आणि अक्षरात लिही. माया कमी करू नकोस.
तुझा,
मित्री

नासरेथ, १५ नोव्हेंबर १९५९

चि. मित्रीस,
अनेक आशीर्वाद.

सणाच्या आदल्या दिवशी, सहा जानेवारी. ६ जानेवारी. अंकात आणि अक्षरात! आपल्या चर्चच्या फादरांकडे गेले आणि त्यांच्या यादीत पुन्हा नाव घातलं, म्हणून यंदा आपल्या सणाचा परवाना हाती आला. बुत्रुस म्हणतो, आईसाठी बायकोने देव नाही, पण कॅलेंडर बदललं. सासूबाई बोलत नाहीत. नकोत बोलायला.

आईला सांग, लातिनांची सून-बिन नाही, तिची लेकच येतेय. फाटकापाशी तिला खुर्ची ने, उभी ठेवू नकोस. तिचा हात माझ्या वतीने डोळ्यांना लाव.

आता पत्रं नकोत, भेटच हवी.
तुझी,
वर्दाताई

यरुशलेम, १४ डिसेंबर १९५९

प्रिय जिर्यिस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्यासाठीच आहे, पुढे धाडायचं नाही. आई गेली. यंदाही खाली यरीहोला यायला तयार झाली नाही, आणि याच घरात छाती भरली. ताईचं पत्र आलं तेव्हा नवव्या दिवसाची प्रार्थना चालू होती.

तू म्हणशील, कळव. कळवून काय होईल? दुखवट्यात सण नाही, आणि सण नाही तर परवाना नाही. ती असली सरळ की स्वतः जाऊन कागद परत करेल. मयतासाठी फाटक उघडा म्हणून मागून पाहील. ते उघडत नाहीत, आपल्या गल्लीतल्या तीन घरांनी मागून पाहिलंय.

म्हणून सोबत तिच्यासाठी चिठ्ठी ठेवली आहे. ‘ये, सगळे वाट बघतोय,’ एवढंच. त्यातला एक शब्द खोटा आहे. तू तिला दुसरं काही लिहू नकोस, हात जोडतो.

फाटकातून बाहेर आली की ती आधी माझ्या शेजारी बघेल. मग मला काही सांगावं लागणार नाही. मारेल, शिव्या देईल, कदाचित पुन्हा कधी लिहिणार नाही. पण जिर्यिस, अकरा वर्षांत मीही माझ्या बहिणीला पाहिलेलं नाही.

राग आला तरी तुझा समज,
मित्री