फलाट क्रमांक दोनवर बासरी

ता. ९ एप्रिल

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे वाचताना हातात दुधाचं पातेलं नाही ना, ते आधी बघ. यंदा मे महिन्याच्या शेवटी आपल्या रोपवाटिकेत मी तीन दिवसांचा गाण्याबजावण्याचा आणि कलांचा उत्सव भरवतोय. हसून घे. हसलीस? आता पुढे वाच.

माणसांनी पोराबाळांना घेऊन, सतरंज्या काखेत मारून यावं, अशी कल्पना आहे. सकाळी तळ्याकाठी बासरी. दुपारी हिरव्या जाळीच्या सावलीत मुलांनी मातीत हात घालावेत, जुन्या चादरींवर रंग फासावेत. संध्याकाळी मोकळ्या अंगणात गाणी आणि नाच. तीन रंगमंच आहेत आणि त्यांची नावं मी स्वतः शोधली आहेत: नादतळे, रंगछाया आणि सूरअंगण. तुझी वहिनी म्हणते, नव्या बिल्डिंगींची नावं वाटतात. तिचं काय ऐकायचं!

आता कामाचं. माईकवरून कार्यक्रम सांगायला माणूस हवा, आणि हरवलेल्या मुलांच्या तंबूतही कुणीतरी हवं. जन्मभर बसस्टँडवर कोणती गाडी कुठे लागते ते तूच सांगत होतीस. तुझ्यासारखं दुसरं कोण मिळणार मला? नाही म्हणू नकोस. लहानपणापासून माझ्या सगळ्या उचापती तू निस्तरल्यास, ही एक आणखी.

घरात सगळ्यांना नमस्कार. तुझी माया माझ्यावर आहेच, तिला या वेळी जरा जादा काम पडेल इतकंच.

तुझा,
खटपट्या


ता. १७ एप्रिल

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. पातेलं हातातच होतं, दूध ओट्यावर गेलं. मागच्या वर्षी मधमाश्या पाळल्यास आणि आठवडाभर सुजलेलं तोंड घेऊन फिरलास, त्यावरून काही शिकशील असं वाटलं होतं. पण उत्सवाची कल्पना मला आवडली. खोटं कशाला बोलू? फक्त ती नावं बदल. सूरअंगण कुठे म्हणून एखाद्या आजीबाईंनी विचारलं तर तू काय सांगणार, गोठ्याशेजारी?

माईकचं मात्र नाव काढू नकोस. तुला सांगितलं नव्हतं, आज सांगते. स्टँडवर मशीन बसवलं आणि मला घरी पाठवलं, त्याच आठवड्यात माझी डब्याची पिशवी राहिली होती म्हणून मी परत गेले. मशीनमधली बाई बोलत होती, गाड्या लागत होत्या, माणसं चढत होती. ओळखीच्या चहावाल्यानेसुद्धा मान वर केली नाही. एवढी वर्षं बोलले, आणि गप्प झाले तर कुणाला पत्ता नाही! फार लागलं रे मनाला. तेव्हाच ठरवलं, पुरे झालं बोलणं.

मी येईन. भाज्या चिरेन, हरवलेल्या पोरांची नाकं पुसेन. बोलायचं तेवढं सांगू नकोस. ह्यांचे गुडघे कुरकुरतात, तेव्हा मी एकटीच येणार.

उन्हात टोपी घालत जा. रागावलास तरी पत्र लिहीत जा.

तुझी,
ताई


ता. २ मे

श्री. मेहुणेबुवांस,
स. न. वि. वि.

तुमची ताई बाजारात गेली आहे, तेवढ्यात हे उरकतो. तिला कळलं तर माझी धडगत नाही.

घर फार शांत झालंय हो. पूर्वी तिने स्वयंपाकघरातून हाक मारली की खालच्या मजल्यावरची माणसंही पानावर बसायची. आता जेवण झालं की ताटावर पळी वाजवते. दोनदा वाजवली म्हणजे भात गार होतोय. भांडलीसुद्धा नाही माझ्याशी कित्येक दिवसांत. मला करमत नाही.

तुम्हाला एक गंमत सांगतो. मी गाडी चालवायचो तेव्हा कंडक्टरने घंटी दिली तरी क्लच सोडत नसे. वरच्या कर्ण्यातून तिचा आवाज आला, माझ्या गाडीचं नाव तिने घेतलं, की मगच गाडी हलायची. साहेबांनी एकदा जाब विचारला. मी ठोकून दिलं की नियमच आहे तसा. असला नियम कुठेच नव्हता. आमचं लग्न त्या नियमावरच जमलं.

तर विनंती अशी, की माईक तिच्या हाताशी असू द्या, पण हातात कोंबू नका. ती हट्टाला पेटली की तिला ब्रेक नाहीत. मी सोबत यायला हवं होतं, पण गुडघ्यांपुढे इलाज नाही.

उत्सव झोकात होवो. आठवण ठेवा, आम्हीही ठेवून आहोत.

आपला,
भावोजी


ता. २६ मे, संध्याकाळ

ती. भावोजींस,
सा. न. वि. वि.

तुम्ही नको म्हणालात, नेमकं तेच मी केलं. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय!

आज पहिला दिवस. माणसं कल्पनेपेक्षा जास्त आली. बासरीवाले तळ्याशी तयार, आणि सगळी मंडळी नादतळे शोधत भलतीकडेच भटकत होती. माझा घसा बसला. शेजारी ताई उभी होती, मी तिच्या हातात माईक दिला. तिने डोळे मिटले आणि तोंडून सवयीने निघून गेलं: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बासरी तळ्याकाठी, फलाट क्रमांक दोनवर लागत आहे.’

सगळं मैदान खदखदून हसलं. ताईचा चेहरा पडला. माईक खुर्चीवर ठेवून ती तंबूत गेली, तेव्हापासून घरी जायची गाडी कधी आहे, एवढंच विचारते. तिला वाटतं, लोकांनी तिची टिंगल केली. खरं काय झालं ते सांगतो. लोक हसले आणि हसत हसत बरोबर तळ्याशी पोचले! तेव्हापासून माझी नावं कुणी घेत नाही. जो तो फलाटच विचारतो. आमच्या हिने फळ्यांवर आकडेसुद्धा रंगवून लावले. पण ताईला पटवायला गेलो की ती म्हणते, माझी समजूत काढू नकोस.

परवा शेवटचा दिवस. ती अशीच घरी परतली तर पुन्हा कधी बोलायची नाही, आणि त्याला कारण मी. गुडघ्यांच्या हातापाया पडा, पण या. पत्र सकाळच्या दूधगाडीबरोबर पाठवतोय. ड्रायव्हर तुमच्याच हाताखाली शिकलेला आहे, हातात आणून देईल.

माझा कान पकडण्यासाठी तरी येण्याचं करावं.

आपला,
खटपट्या


ता. ४ जून

चि. खटपट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. आता तुझी खरडपट्टी. तुम्ही दोघांनी माझ्या पाठीमागे जो कट केला, तो मला कळला आहे. दूधगाडीवाल्याच्या पोटात काही राहत नाही.

शेवटच्या दिवशी तू नाचाच्या मुलांना रांगेत लावत होतास, तेव्हा तंबूत काय झालं ते तुला ठाऊक नाही. मी एका चिमुरडीची वेणी घालत होते. तुझी मदतनीस मुलगी सांगत आली, की बाहेर एक आजोबा हरवलेत. नाव सांगत नाहीत, गाव सांगत नाहीत. गाडीची घोषणा झाल्याशिवाय हलणार नाही, तसा नियम आहे, एवढंच म्हणतात.

वेणी अर्धी टाकून बाहेर आले. रोपांच्या उलट्या क्रेटवर हे बसलेले! अंगात जुना खाकी शर्ट, पोटावरची दोन बटणं लागत नव्हती, आणि दोन्ही हात असे पुढे धरलेले, स्टीअरिंगवर असल्यासारखे. माझ्याकडे बघेनात. समोरच्या काचेतून रस्ता बघितल्यासारखे बघत राहिले. मला हसू आलं, रडूही आलं. चिमुरडी अर्ध्या वेणीनिशी मला ढकलत होती, की सांग ना, आजोबांची गाडी कुठे लागते ते सांग.

मग मी माईक उचलला. मी काय बोलले ते तू ऐकलंसच: ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. बरेच दिवस घरी उभी असलेली गाडी फलाट क्रमांक एकवर आली आहे. चालकाने आपल्या बायकोला ताबडतोब भेटावे.’ टाळ्या पडल्या तेव्हा मला उमगलं, पहिल्या दिवशीचं हसणंही असंच होतं. मीच कान बंद करून बसले होते. त्यानंतर मातीकाम उशिराने धावत असल्याचं सांगितलं काय, आणि नाचाला जादा डबे जोडले काय, माझी मलाच शुद्ध नव्हती. किती मजा आली रे!

इथलं म्हणशील तर ह्यांनी नवं खूळ काढलंय. बाजाराला निघाले की पिशवी घेऊन दारात उभे राहतात. मी जिन्यात येऊन घोषणा करायची, मगच पाऊल उचलणार. काल मी मुद्दाम गप्प बसले. म्हटलं, बघू किती वेळ टिकतात. भात झाला, वरण झालं, कपडे वाळत घातले, हे आपले पिशवी घेऊन उभेच. कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर! वरच्या बाईंनी डोकावून विचारलं, की काय झालं? तर हे म्हणाले, काही नाही, ती अजून बोलली नाहीये.

मी गप्प झाले तर कुणाला कळत नाही, असं तुला लिहिलं होतं ना? तेवढं खोडून टाक.

पुढच्या वर्षीचे फलाट आत्तापासून रंगवायला घे. वहिनीला आशीर्वाद. तुझ्या उचापतींना माझी कधी ना नव्हती, यापुढेही नसेल.

तुझी,
ताई