डबीवरचा चेहरा

डिंगोरे, ४ फेब्रुवारी २०२५

चि. जागृतीस आत्याचे अनेक आशीर्वाद. जय जिनेंद्र.

फोनवर तू नुसतं हो हो करतेस, म्हणून कागद काढला. हिरड्याच्या मलमाची डबी मिळाली. मलम चांगलं झालंय. पहिल्या खेपेला लोखंडी कढईत हिरडा उकळून शाईसारखा काळा केला होतास, त्यातून शिकलीस म्हणायचं.

पण डबीवरची बाई कोण? नाक माझं, चष्मा माझा, रंग कुणाचा? खाली छापलंय, सात दिवसांत उजळपणा. मी वनस्पतिशास्त्र शिकले, जादू नव्हे. त्वचेची जळजळ आणि लाली कमी व्हायला हा अर्क मदत करतो, प्रयोगशाळेच्या अहवालात एवढंच आहे. लेबल बदल.

जावईबापू कल्पेशरावांना आशीर्वाद. माया आहे, म्हणूनच बोलते.

सुंदरआत्या


नारायणगाव, ९ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

फोटो कल्पेशनीच उजळून घेतला. पुण्याचे व्यापारी पाचशे डब्या घेतायत, पण सावळ्या बाईचं क्रीम कोण घेईल म्हणाले. ऑर्डर गेली तर कामावरच्या चौघी घरी बसतील. या एका खेपेपुरतं चालवून घे. आणि तू काही एवढी काळी नाहीस.

रागावलीस तरी दूर लोटू नकोस.

तुझी जागृती


डिंगोरे, १४ फेब्रुवारी

चि. जागृतीस आशीर्वाद.

मी काळीच आहे. एक्क्याऐंशी साली मला बघायला आलेल्यांनी तुझ्या आजोबांना सुचवलं, मुलीला महिनाभर उटणं लावा, मग बघू. मी पोह्यांचा ट्रे तिथंच ठेवला आणि बी.एस्सी.च्या परीक्षेला पुणं गाठलं. याच रंगानिशी तीस वर्षं मुलींना शिकवलं. आता चौसष्टाव्या वर्षी तुझे व्यापारी मला गोरी करणार?

चौघींची काळजी मलाही आहे. त्यातल्या भागूची पोर आठवीत आहे, माझ्याच रंगाची. आठव्या दिवशी ती आरशासमोर रडली तर काय सांगशील?

हिरडा माझ्या बांधावरचा आहे. या लेबलाखाली त्यातलं एक फळ मिळायचं नाही.

राग आहे, तसा जीवही आहे.

सुंदरआत्या


नारायणगाव, २२ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न. वि. वि.

व्यापाऱ्यांना नकार कळवला. तुझं पत्र मी चौघींना वाचून दाखवलं. भागूनं उठून पहिलं लेबल नखानं खरवडलं. म्हणाली, “लई गोरी केली व्हती बाईंला. वळखू येत नव्हत्या.”

पारगावला ऊस तोडणाऱ्या बायकांचे हात पाचटानं चरचरतात. काल आम्ही तिथं बसलो. बेचाळीस डब्या गेल्या, पाचशे नाहीत. चौघी अजून कामावर आहेत, पुढच्या महिन्याचं ठाऊक नाही.

नव्या डबीवर तू आहेस तशीच आहेस. खाली ठळक छापलंय, या मलमानं रंग बदलत नाही. असं छापून कोण घेईल, असं कल्पेशनी विचारलं. मी त्यांना हिरड्याची पोती उतरवायला लावलं.

अशीच रागावत राहा.

तुझी जागृती