वीस मिनिटांचं पाणी

प्रिय टीना,

तुझा निरोप बुधवारी फोनवर ऐकला. कॉर्नीचं वर्कशॉप रिकामं करून द्यायचं, एकही वस्तू ठेवायची नाही, सगळं कचरा डेपोवर न्यायचं आणि तुला ते बघायचंसुद्धा नाही. काल मी गेले होते. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी नुसतं 'बरं, बरं' म्हणत राहते. म्हणून कागद घेऊन बसले.

माझं चाललंय. सकाळी ट्रक काढते, संध्याकाळी परत लावते. या महिन्यात तीन घरं रिकामी केली. मदतीला मूस जॉ गावचा रेग म्हणून एक माणूस घेतलाय, साठीचा, कामाला चोख. बोलत नाही, ते बरंच आहे. परवा जिन्यावरून फ्रीज उतरवताना माझं बोट चेमटलं. रेग ओरडला, "बाई, रक्त!" तेव्हा मला कळलं. दुखत नव्हतं. एप्रिलमध्ये कॉर्नी गेला, तेव्हापासून काहीच नीट दुखत नाही. कॉफी प्यायले की नाही, हे कपात डोकावून बघावं लागतं.

सतरा वर्षं मी आणि कॉर्नीने मिळून हे काम केलं. कोणी वारलं, कोणी वृद्धाश्रमात गेलं, की मुलं कॅल्गरीहून, टोरांटोहून फोन करायची आणि आम्ही त्यांच्या आईबापांचं घर ट्रकमध्ये भरायचो. तुला तो सोफा आठवत असेल. फटीत हात घातला आणि कोणाची तरी वापरलेली सुई कॉर्नीच्या बोटात घुसली. सहा महिने तो रक्त तपासायला जात होता आणि तू घरात त्याचा टॉवेल वेगळा ठेवत होतीस. काही निघालं नाही. पण मी हादरले. नियम लिहून ट्रकमध्ये चिकटवले. सोफ्यात हात घालायचा नाही. बंद घराची दारंखिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. उंदरांच्या लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, त्या धुळीतून फुप्फुसाचा जीवघेणा आजार होतो; ब्लीचच्या पाण्याने भिजवायच्या, मास्क लावून पुसून काढायच्या. कॉर्नी म्हणायचा, "व्हर्नाबाई, लग्नात अंगठी घालायच्या आधी नवऱ्याचे हातमोजे तपासले होते का?" थट्टा करायचा आणि मोजे चढवायचा. एकदाही मोडता घातला नाही त्याने. हे वाक्य मी मुद्दाम लिहिते आहे.

त्या शेतघराचं तू ऐकलंच आहेस. म्हातारा दोन वर्षांपूर्वी वृद्धाश्रमात गेला, तेव्हापासून घर बंद. त्याची मुलगी किल्ल्या घ्यायला तीन वाजता यायची होती. दुपारपर्यंत खोल्या झाल्या, राहिली स्वयंपाकघरामागची कोठी. दार उघडलं तर फळ्यांवर, पिठाच्या डब्यांमागे, जमिनीवर लेंड्याच लेंड्या. दोन हिवाळे उंदरांनी तिथे संसार केला होता. थंडीने नळ फुटले होते, म्हणून घराचं पाणी बंद. मास्कचा खोका माझ्या गॅरेजमध्ये राहिला होता. ब्लीचची बाटली तेवढी ट्रकमध्ये होती. कॉर्नीने तोंडाला रुमाल बांधला आणि कोठी झाडली. मी बाहेर ट्रकमध्ये कपाटं बांधत होते. दारातून धूळ येताना दिसली. उन्हात चांगली दिसत होती.

एकोणीस दिवसांनी त्याला ताप आला. मला म्हणाला, "पाठ भरून आलीये, परवा तो पियानो उचलला त्याचं फळ." मीही तेच धरलं. तिसऱ्या दिवशी तू फोन केलास की त्याला वाक्य पुरं करता येत नाही. रेजायनाच्या हॉस्पिटलात त्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न उंदरांचा विचारला, तेव्हा माझ्या लक्षात आलं. तू तेव्हा अर्ज भरत होतीस. श्वासाची नळी घालायच्या आधी त्याने तुला जवळ बोलावलं. मी दारात दोन कप घेऊन उभी होते. तो तुला म्हणाला, "व्हर्नाने सांगितलं होतं, भिजवून घे म्हणून. मीच ऐकलं नाही." तू त्याचा हात सोडलास. बहुतेक तुझ्या लक्षातही आलं नसेल. तो माझ्याकडे बघत होता. मग त्यांनी पडदा ओढला.

चर्चच्या तळघरात मनुक्यांचे पाव आणि कॉफी वाटत होते, तेव्हा तू सगळ्यांसमोर मला मिठी मारून म्हणालीस, "तू तरी सांगितलं होतंस गं त्याला." मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. कामगार खात्याचा माणूस चौकशीला आला, त्याने छापील कागद पुढे केला. 'कामगाराला सूचना दिली होती का?' मी 'होय' वर खूण केली. पेन नीट उमटलं नाही म्हणून परत एकदा केली.

त्यानंतर तू त्याचे कोट आठ दिवसांत देऊन टाकलेस. थडग्याच्या दगडावर काय कोरायचं, असं विचारलं तर म्हणालीस, घाई काय आहे. तरीही मी गप्प राहिले. मग मागच्या रविवारी तुझ्या नातीने माझ्यासमोर विचारलं, आजोबा कशाने गेले, आणि तू म्हणालीस, "हट्टाने गेले. सांगितलेलं ऐकायचं नाही, दुसरं काय." तिने मान डोलावली, जशी शाळेत धड्याला डोलावतात. मी पाव चावत होते. तोच चावत राहिले.

काल वर्कशॉपमध्ये जाऊन मी काय केलं माहीत आहे? दार उघडून अर्धा तास बाहेर थांबले. मास्क लावला. मोजे घातले. फरशीवर ब्लीचचं पाणी शिंपडलं. तिथे एक लेंडी नाही, टीना. त्याने खिळेसुद्धा मापाप्रमाणे बरण्यांत लावून ठेवलेत. नातीसाठी बर्फावरची घसरगाडी करायला घेतली होती, ती अर्धी तशीच लाकूड धरायच्या शिकंज्यात आहे. मी त्याच्या स्टुलावर मास्क लावून बसले, दोन तास असेन. एकही वस्तू उचलली नाही. तुझं काम मी केलेलं नाही आणि करणारही नाही. ज्या रागाने तू ते फेकायला निघालीस, तो राग चुकीच्या माणसावर आहे.

कोठीचं दार उघडलं तेव्हा कॉर्नी मागे सरला होता. म्हणाला, "मास्क नाहीत ना? मग निदान भिजवू तरी. शेजारच्या शेतावरून पाणी आणतो, वीस मिनिटांत येतो." मी घड्याळ बघितलं. मी म्हणाले, "अरे, वीस कुठली, चाळीस जातील. ती बाई तीनला येऊन उभी राहील. खिडक्या उघड्या आहेत, झाडून टाक आणि मोकळा हो." तो म्हणाला, "नक्की?" मी म्हणाले, "कॉर्नी, झाड." मग त्याने रुमाल बांधला. माझे नियम, माझा ट्रक, माझा शब्द. त्याने ऐकलं, ऐकलं म्हणूनच गेला. हॉस्पिटलात खोटं का बोलला, ते मला ठाऊक नाही. या गावात तुला आणि मला एकमेकींशिवाय फारसं कोणी नाही, एवढंच त्याला दिसलं असेल. आज सकाळी मी खात्याच्या कचेरीत जाऊन नवीन जबाब लिहून दिला, यातला शब्द न् शब्द घालून. धंद्याचं काय होईल ते ते ठरवतील. तुझ्या नातीला काय सांगायचं ते तू ठरव, पण आजोबांनी पाणी आणतो म्हटलं होतं, एवढं तिला सांग. माझ्या दारात येऊन तुला काही बोलायचं असेल तर मी घरीच आहे. आली नाहीस तरी मी समजेन.

तू राहू देशील तोवर तुझीच,
व्हर्ना